आमचा थोरला पण असंच बोलतो

मी स्पीच थेरपिस्ट आहे, कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या रिहॅब ओपीडीत बसते. आमचं काम म्हणजे तोतरी बोलणारी पोरं नाहीतर पॅरालिसिसनंतर वाचा गेलेले आजोबा, असं लोकांना वाटतं आणि बऱ्यापैकी ते खरंही आहे, पण डोक्याला मार लागलेले पेशंट हा निराळाच प्रकार असतो. यांची जीभ व्यवस्थित वळते, शब्द आठवतात, वाक्य शुद्ध असतं, ॲफेजियाची, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषाच जाते त्याची, टेस्ट घेतली तर मस्त मार्क पडतात, आणि तरी घरचे येऊन म्हणतात, मॅडम बोलणं पार बिघडलंय हो. काय बिघडलंय विचारलं की त्यांना धड सांगता येत नाही. "पहिल्यासारखं नाही" एवढंच.

त्याचं कारण साधं आहे खरंतर. कवटीचा तळ पुढच्या बाजूला गुळगुळीत नसतो, खडबडीत हाडाचे उंचवटे असतात तिथे, आणि त्याच्यावरच मेंदूचा पुढचा भाग टेकलेला असतो. डोकं जोरात आपटलं की मेंदू त्या खडबडीत हाडावर घासतो. आता शब्द बनवणं, वाक्य लावणं हे काम मुख्यतः डाव्या बाजूच्या दुसऱ्या भागांकडे, ते वाचतं. पण कुणासमोर काय बोलायचं, किती बोलायचं, समोरचा वैतागलाय का, तो आत्ता जे बोलला तो टोमणा होता का, ही सगळी कामं या पुढच्या आणि खालच्या भागाच्या भरवशावर चालतात. ते गेलं की माणूस बोलतो बरोबर आणि तरी संभाषण फसतं.

तर फेब्रुवारीतला गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी हेड इंज्युरीचे फॉलोअप असतात. रथसप्तमी नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे हळदीकुंकवांचा सीझन संपलेला, हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे लागणार आहे. सकाळी पहिलीच केस गडहिंग्लजकडच्या एका गावची, चौतीस वर्षांची बाई, सोबत नवरा आणि सासू. श्रावणात नवऱ्याच्या गाडीवर मागे एका बाजूला पाय टाकून बसली होती, रस्ता ओला, पट्टे न मारलेला स्पीडब्रेकर, गाडी उडाली आणि ही मागच्या मागे डांबरावर. नवऱ्याच्या डोक्याला हेल्मेट, हिच्या डोक्याला पदर. मागे बसणाऱ्याला कुठे लागतंय हेल्मेट, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण मोटार वाहन कायद्याचं १२९ कलम पुढच्याला लागतं तसंच मागच्यालाही लागतं. २०२२ सालच्या केंद्र सरकारच्या अहवालात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले असा आकडा आहे, त्यातले १४,३३७ मागे बसलेले. आणि मागे कोण बसतं ते आपल्याला माहितीच आहे. जे वाचतात त्यांचा हिशोब या आकड्यांत नाही, ते आमच्याकडे येतात.

फाईल वाचली. सीटीमध्ये दोन्ही फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या त्याच पुढच्या भागाला, मार, आली तेव्हा जीसीएस १० (हा शुद्धीचा स्कोअर, ३ ते १५ असतो, ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेला, आता जगभर चालतो), ऑपरेशन लागलं नाही, बारा दिवसांनी घरी. डिस्चार्ज कार्डवर खाली "स्पीच नॉर्मल". ही ओळ वाचली की माझं डोकं फिरतं. नाव, गाव, आज वार कोणता एवढं विचारून झालं की स्पीच नॉर्मल!

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवातच केली. "लय गोड बोलायची हो ही. बचत गटाची अध्यक्ष हुती, अख्ख्या गल्लीत नाव हुतं. आता कोण आलं गेलं की घालून पाडून बोलती. हळदीकुंकवाला आमची मान खाली गेली बघा."

बाई शेजारीच बसलेली. चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, ओशाळलेपण नाही, ऐकतेय एवढंच. यावरूनही सासू चिडलेली असणार हे मला दिसत होतं, कारण घरात कुणी आपल्याबद्दल बोललं तर सुनेने किमान मान तरी खाली घालावी अशी अपेक्षा असते, आणि हिच्या चेहऱ्यावर मुळात भावच कमी उमटतात आता. ही इंज्युरीची खूण आहे, उद्धटपणा नाही. पण घरात ते उद्धटपणा म्हणूनच मोजलं जातं.

आमच्याकडे एक प्रश्नावली वापरतात, ऑस्ट्रेलियाच्या ला ट्रोब युनिव्हर्सिटीच्या जसिंटा डग्लस यांची, २००० सालची, तीस प्रश्नांची. एक फॉर्म पेशंटने स्वतःबद्दल भरायचा, तोच फॉर्म जवळच्या माणसाने पेशंटबद्दल भरायचा, आणि दोन्हींत फरक किती ते बघायचं. महत्त्वाचं सांगायचं राहून जातं का, तेच तेच पुन्हा बोलतो का, दुसऱ्याला उद्धट किंवा अवघड वाटेल असं बोलतो का, असले प्रश्न. प्रत्येकाला एक ते चार मार्क, म्हणजे कमीत कमी तीस, जास्तीत जास्त एकशेवीस, जितके जास्त तितका त्रास जास्त. आम्ही ते मराठीत तोंडी विचारतो, कारण छापील फॉर्म हातात दिला की लोक सगळीकडे "कधीकधी"वर टिक करून मोकळे होतात.

बाईने स्वतःचे मार्क दिले ६६. नवऱ्याने दिले ७०. सासूने ९४.

एकाच घरात राहणारी तीन माणसं. मी सासूबाईंना म्हटलं, मावशी, उद्धट वाटेल असं बोलते याला तुम्ही "नेहमी" म्हणालात, जरा उदाहरण सांगा की. त्यांच्याकडे तयारच होती. नणंद माहेरपणाला आली, दाराशी चप्पल काढतेय तोवर हिने विचारलं, किती दिवस राहणार आहात? शेजारच्या काकू त्यांच्या गुडघ्याची गोष्ट सांगत होत्या तर ही म्हणाली, काकू हे तुम्ही परवा पण सांगितलं की. आणि हळदीकुंकवाला, तीसेक बायका बसलेल्या असताना, वाण हातात घेतलं, बघितलं, आणि परत देऊन म्हणाली, मला नको, असले प्लास्टिकचे पाच डबे घरात पडलेत.

आमची इंटर्न हसली. मी तिच्याकडे बघितलं पण खरं सांगायचं तर मलाही आवरत नव्हतं, कारण ते वाक्य मी स्वतः मनात किती वेळा म्हणते दर संक्रांतीला.

मग मी नवऱ्याला विचारलं, दादा, हेच तुमच्या घरातलं दुसरं कुणी बोललं असतं तर? समजा तुमचा भाऊ?

तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "आमचा थोरला पण असंच बोलतो की."

"त्यांना कधी डोक्याला लागलं होतं?"

"न्हाई वो. त्यो लहानपणापासनंच तसा हाय. पाहुण्याला तोंडावर विचारतो, जेवून जाणार का जाऊन जेवणार."

आता सासूबाईसुद्धा हसल्या. "त्याचं काय, त्यो पुरुष माणूस, सडेतोड हाय."

बास, हे एक वाक्य. माझं त्या दिवशीचं सगळं काम या वाक्याभोवती फिरलं. तीच वाक्यं थोरल्याच्या तोंडून आली तर स्वभाव सडेतोड, आणि हिच्या तोंडून आली तर बोलणं बिघडलंय. म्हणजे त्या ९४ मार्कांत मेंदूचा मार किती आणि "सुनेने कसं बोलावं" याचं माप किती, हे वेगळं काढायचं काम माझ्यावर.

इथे एक गैरसमज नको. हिला काहीच झालेलं नाही, घरचेच मागासलेले, असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. झालेलं होतंच. ते कसं कळलं ते सांगते.

परदेशात यासाठी व्हिडिओ टेस्ट आहेत. स्काय मॅकडोनाल्ड यांची टासिट नावाची टेस्ट फार वापरतात, नट लोक छोटे प्रसंग करतात आणि पेशंटने सांगायचं की बोलणारा खरं बोलतोय की खोचक बोलतोय. पण ती ऑस्ट्रेलियन इंग्रजीत, गडहिंग्लजच्या बाईला काय उपयोग. म्हणून आम्हीच मोबाईलवर सोळा क्लिप बनवल्यात. आमचे फिजिओ, सिस्टर, कँटीनवाले काका असे सगळे ॲक्टर. काकांची ॲक्टिंग सगळ्यात भारी आहे. ही काही प्रमाणित टेस्ट नाही, पण पेशंटला काय सुटतंय ते दिसतं.

पहिली क्लिप, मीटिंगला एक जण अर्धा तास उशिरा येतो आणि सिस्टर म्हणते, "या या, फार लवकर आलात!" मी विचारलं, ताई, सिस्टरला काय वाटतंय? म्हणाली, "बरं वाटलं असेल, माणूस वेळेत आला." पुढची, एकीला साडी मिळते, ती घडी न उलगडताच बाजूला ठेवते आणि म्हणते "छान आहे हं." हिचं उत्तर, आवडली, तसं म्हणाली की ती. अजून एकीत यजमान तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघून म्हणतो, उद्या सकाळी लवकर उठायचंय. पाहुण्याने काय करावं? "गजर लावून द्यावा."

पण सरळ भाव, म्हणजे रडणं, भीती, राग, ते तिने सगळे बरोबर ओळखले. शब्द एक आणि सूर दुसरा असला की गाडी अडायची. एकूण सोळापैकी अकरा.

इंटर्न हळूच म्हणाली, मॅडम अकरा म्हणजे ठीकच आहे ना, आपण दहाला काठावर धरतो. इथे मला थांबून तिला समजवावं लागलं आणि तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

चेहऱ्यावरचे, आवाजातले भाव ओळखण्याच्या टेस्टमध्ये बायका सरासरीने पुरुषांच्या थोड्या पुढे असतात. थोड्याच, फार नाही, आणि ते मेंदूतून येतं की लहानपणापासून "वहिनींचा चेहरा बघ आधी" या ट्रेनिंगमधून, यावर भांडत बसता येईल. डोक्याला मार लागल्यावरही हा फरक दिसतो. मेलिसा डफ, लिन टर्कस्ट्रा वगैरे मंडळींचा २०१६ चा पेपर आहे, मार लागलेल्या बायकांनी चेहऱ्यावरच्या भावना मार लागलेल्या पुरुषांपेक्षा चांगल्या ओळखल्या. हे वाचून कुणालाही वाटेल, चला, बायकांचं कमी नुकसान होतं. पण तुम्ही जर काठाचा आकडा बाया-पुरुष सगळे मिसळून काढला असेल, आणि बाई मुळात वरच्या पायरीवरून घसरत त्या आकड्याच्या जरा वर येऊन थांबली असेल, तर टेस्ट म्हणणार नॉर्मल. तिचं घसरणं टेस्टला दिसतच नाही. त्यात भर म्हणजे या विषयातल्या बहुतेक अभ्यासांत पेशंट जास्त करून पुरुषच, कारण डोक्याला मार लागणाऱ्यांतच पुरुष जास्त. बाईचं काय होतं यावर मुळात माहितीच कमी जमलेली.

आणि ही कोणत्या पायरीवर होती? बचत गटाची अध्यक्ष. मी विचारलं, ताई, आधी मीटिंगमध्ये कसं करायचा तुम्ही? तेव्हा पहिल्यांदा ती सलग बोलली. "बाई दारातनं आत येतानाच मला कळायचं ह्या महिन्यात हिच्याकडं हप्ता न्हाई. मग मी तिला चारचौघीत विचारायची न्हाई, चहा करायच्या निमित्तानं आत घेऊन जायचो. आता काय बी कळत न्हाई मॅडम. मी बोलून बसतो, आणि समोरची गप झाली की मग कळतं, कायतरी चुकलं. काय चुकलं ते न्हाई कळत."

अशी बाई सोळापैकी अकरावर येते आणि आम्ही ठीक म्हणायचं? म्हणजे बघा गंमत, सासूच्या फॉर्ममध्ये नुकसान आहे त्याच्यापेक्षा जास्त दिसत होतं, आणि टेस्टमध्ये आहे त्याच्यापेक्षा कमी. दोन्हीचं कारण एकच, ती बाई आहे.

अजून एक गोष्ट मी अशा प्रत्येक पेशंटची बघते, वास. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन छोट्या बाटल्या असतात, एकीत कॉफी पावडर, एकीत हिंग. नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं, त्यातून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात, डोकं हिसकलं की ते तुटू शकतात. तिला डोळे मिटायला सांगितले, हिंगाची बाटली अगदी नाकाला लावली. "काय हाय ह्यात? पाणी?" आमच्या इंटर्नला तीन फुटांवरून तो वास येत होता. सासूबाई एकदम ताठ बसल्या. "आगं, मग आमटी करपली तरी तू हलत न्हाईस ते म्हणून?" सहा महिने त्या घरात रोज संध्याकाळी यावरून वाद, सून मुद्दाम करते म्हणून, आणि या बाईला वासच नाही. तिला स्वतःलाही हे कळलेलं नव्हतं, जेवण बेचव लागतंय एवढंच वाटायचं. गॅस लीक झाला तर काय, याचं आधी बघा म्हटलं, डिटेक्टर बसवा, झोपताना रेग्युलेटर बंद.

नवऱ्याने मधेच विचारलं की बायकांचा मेंदू चिवट असतो, लवकर भरून येतो असं कुठेतरी वाचलंय, खरं का. हे लोक कुठून काय वाचतात देव जाणे, पण हे अगदीच हवेतलं नाही. उंदरांच्या माद्या नरांपेक्षा बऱ्या सावरतात असं प्रयोगात दिसलं होतं आणि त्यावरून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन डोक्याच्या मारावर औषध म्हणून देऊन बघितलं. दोन मोठ्या ट्रायल झाल्या, दोन्ही मिळून दोन हजारांच्या वर पेशंट, २०१४ मध्ये निकाल आले, फायदा शून्य. त्यामुळे दादा, चिवटपणावर सोडून देऊ नका, व्यायाम करावा लागणार.

त्यांना बाहेर चहा घेऊन या म्हटलं आणि पुढची केस आत घेतली, आणि त्या दिवशीची खरी कमाल इथे झाली. एक्केचाळीस वर्षांचे गृहस्थ, हार्डवेअरचं दुकान, जवळपास तसाच अपघात, तसाच फ्रंटल लोबचा मार. सोबत बायको. तिने फॉर्ममध्ये मार्क दिले ३८. लक्षात घ्या, कमीत कमीच तीस असतात. म्हणजे जवळपास काही तक्रारच नाही. मार न लागलेल्या माझ्या नवऱ्याला मी याहून जास्त देईन.

क्लिप दाखवल्या. सोळापैकी पाच. रडणारी बाई हसतेय म्हणाले. प्रत्येक प्रश्नावर मान हलवायचे आणि दहा-बारा सेकंदांनी एक शब्द. स्वतःहून एकही वाक्य नाही. मी दुकानदार गिऱ्हाईक करून बघितलं, म्हटलं दादा हा नळ कितीला, तर म्हणाले तीनशे. शंभरला द्या म्हटलं तर म्हणाले घ्या. मी म्हटलं ऐंशीला? घ्या. पुढे बायकोकडून कळलं की दुकान सध्या मेहुणा बघतो, कारण गल्ल्यावर बसवलं की असंच होतं.

मग ३८ कसे हो, वहिनी?

"त्रास काहीच नाही मॅडम त्यांचा. शांत झालेत. आधीपेक्षा बरं आहे."

घरी पाहुणे आले आणि यजमान गप्प बसून राहिला तर कुणाला खटकत नाही, बाई बोलते, वेळ निघून जाते. पोरांच्या शाळेचं काय चाललंय हे त्याने विचारलं नाही तरी आपल्याकडे बरेच पुरुष विचारत नाहीतच. म्हणजे एवढं मोठं नुकसान घराच्या रोजच्या चालीत विरघळून गेलं, कुणाच्या डोळ्यावरच आलं नाही. दुकान बुडायला लागलं तेव्हा आलं.

सेशन संपलं, ते फिजिओकडे गेले आणि ती बाई दारातून परत आली. पर्समधून रुमाल काढला, परत ठेवला. म्हणाली, "एक विचारू का? तुमच्या थेरपीने ते बोलायला लागले की ओरडणं पण परत येणार का?"

मी इतकी वर्षं हे काम करतेय, लोक विचारतात बोलणं कधी परत येईल. कधी येऊ नये यासाठी कुणी आलं नव्हतं.

मी तिला बसवलं, दार लावलं. जे खरं आहे ते सांगितलं. की ही शांतता म्हणजे स्वभाव निवळलेला नाही, पुढच्या भागाला मार बसला की पुढाकार घेण्याची यंत्रणाच मंदावते, भूक लागली तरी ताट मागत नाहीत अशी माणसं. की आम्ही भाव ओळखणं, उत्तर देणं, गिऱ्हाईकाशी बोलणं यावर काम करतो, ओरडण्यावर नाही. पण काहींची चिडचिड मार लागल्यावर उलट वाढतेही, त्यामुळे येणारच नाही अशी गॅरंटी मी देऊ शकत नाही. आणि मग विचारलं, नुसतं ओरडणंच होतं का हात पण उचलायचे? ती खिडकीकडे बघत राहिली. मी परत विचारलं नाही. आमच्या सोशल वर्कर मॅडमची ओळख करून दिली, १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे तो लिहून दिला, दुकानाच्या बिलाच्या मागेच लिहिला कारण तसा कागद तिच्या पर्समध्ये कुणाला खटकणार नव्हता.

यामुळेच बाई पेशंट असली की मी पाच मिनिटं तरी तिला एकटीला भेटतेच आणि कशा पडलात हे परत विचारते, फाईलमध्ये काहीही लिहिलेलं असो. "बाथरूममध्ये पाय घसरून" हे फार सोयीचं वाक्य आहे. गडहिंग्लजच्या ताईंनाही विचारलं होतं, तिथे खरंच स्पीडब्रेकरच होता.

दुपारी त्या तिघांना परत बोलावलं. आता ध्येय ठरवायची. सासूबाईंचं ध्येय एका ओळीचं, पहिल्यासारखं गोड बोलली पाहिजे. मी म्हटलं गोड बोलणं माझ्या औषधात नाही मावशी, आणि तसंही हे काम एकट्या सुनेचं नाही. सिडनीच्या लीन टोगर यांनी २०१३ मध्ये एक ट्रायल छापली, एका गटात फक्त पेशंटला ट्रेनिंग, एका गटात पेशंट आणि घरचं माणूस दोघांना मिळून, एका गटाला काहीच नाही. दोघांना मिळून शिकवलं तिथे गप्पा सगळ्यात जास्त सुधारल्या. म्हणून तुम्हालाही गृहपाठ. हिच्याशी आडून बोलायचं नाही. "कुणाला तरी चहाची आठवण झाली तर बरं होईल" असं नाही म्हणायचं, "चहा ठेव" म्हणायचं. टोमणा बंद.

सासूबाई नवऱ्याकडे, म्हणजे स्वतःच्या मुलाकडे, बघून म्हणाल्या, "टोमणं न्हाई मारायचं तर मग घरात बोलायचं काय?"

हे त्या विनोद म्हणून बोलल्या की खरंच, मला आजही माहीत नाही.

बाईसाठी दोन गोष्टी ठरवल्या. समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही तर लगेच उत्तर द्यायचं नाही, "म्हणजे कसं?" विचारायचं, याने दोन-तीन सेकंद मिळतात आणि समोरचाही सरळ बोलायला लागतो. आणि गटाच्या मीटिंगला जाताना सोबत एक विश्वासातली मैत्रीण घ्यायची, काही घसरतंय वाटलं तर तिने नुसती वही बंद करायची. मीटिंगचं रेकॉर्डिंग सगळ्यांना विचारून करायचं, दर दोन आठवड्यांनी आणून माझ्यासोबत ऐकायचं. नवऱ्याने विचारलं, खुणेचं काम मी करू का? मी म्हटलं तुम्हाला बायकांच्या मीटिंगला कोण बसू देणार. आणि थोरल्यालाही एकदा घेऊन या असं म्हटलं, प्रॅक्टिसला. मी गंमतीत म्हटलं, तो खरंच पुढच्या वेळी आला आणि पाहुणा म्हणून त्याने जे काही प्रश्न विचारले ते बघून आमच्या इंटर्नने त्याची वेगळी फाईल काढू का विचारलं.

शेवटी मी ताईंना त्यांच्या चुकांची यादी वाचून दाखवली, सासूबाईंनी सांगितलेली, आणि विचारलं यातलं तुम्हाला काय काय बदलायचंय. तिने कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचला.

"नणंदेचं सुधारा. मला खरंच विचारायचं हुतं किती दिवस राहणार, खोली लावायला पायजे म्हणून, पण त्या रडल्या. काकूंचं पण सुधारा." मग बोट खाली सरकवलं. "वाणाचं राहू दे. ते मला खरंच नको हुतं."

मी पेनाने ती ओळ खोडली. सासूबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण मुलाने बॅग उचलली होती, गडहिंग्लजची चारची एसटी गाठायची होती त्यांना.